फुप्फुसांची राखण आणि विडी-सिगारेटचा धूर

ऊस तोडताना कोयता निसटून बोटाला लागला, की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजूनही पहिली आठवण होते ती फळीवरच्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीची. कापसाचा बोळा बुडवून जखमेला टेकवला, की पांढरा फेस फसफसून वर येतो. ‘घाण बाहेर पडते आहे’ असे आपण मुलांना सांगतो. (साधी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुणे हेच आता डॉक्टर अधिक चांगले मानतात, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नये, पण तो विषय वेगळा.) आज आम्ही बोलणार आहोत ते त्या फेसाविषयी. तो फेस म्हणजे घाण नव्हे. आपल्या शरीरात एक राखण सतत बसलेली असते, आणि ती काम करताना डोळ्यांना दिसते ती बहुधा एवढ्याच ठिकाणी. हीच राखण फुप्फुसांत विडी-सिगारेटच्या धुराशी झुंजत असते. ती कशी झुंजते, कुठवर टिकते आणि कुठे हरते, हे समजून घेण्यासारखे आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर घरी एक प्रयोग करून पाहा. कच्च्या बटाट्याची एक चकती कापा. दुसरी चकती चांगली उकडून गार करा. दोन्हींवर त्याच बाटलीतले थोडे थेंब टाका. कच्च्या चकतीवर फेस येईल, उकडलेल्या चकतीवर येणार नाही. बटाटा तोच, घाण दोन्हींवर नाही. मग फरक कशाचा? कच्च्या बटाट्यात कॅटलेज नावाचे एन्झाइम असते. शाळेच्या पुस्तकात मुलांना ‘विकर’ हा शब्द भेटतो, तेच हे. ते पेरॉक्साइड फोडून त्याचे पाणी आणि प्राणवायू करते. प्राणवायूचे बुडबुडे म्हणजेच फेस. उकडल्यावर एन्झाइम निकामी होते. कॅटलेजचा एकेक रेणू एका सेकंदात पेरॉक्साइडचे लक्षावधी रेणू फोडतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. बटाट्यात, बैलात आणि आपल्यात काम तेच.

आता कोणी विचारील, शरीराला या कामाची गरजच काय? आपण काही पेरॉक्साइड पीत नाही. गरज अशी, की ते आपल्या आतच तयार होते. प्राणवायू हा प्राण देणारा खरा; पण नांगराच्या फाळाला गंज चढवणाराही तोच आणि चिरून ठेवलेले वांगे काळे पाडणाराही तोच. शरीरातील पेशी अन्न ‘जाळण्यासाठी’ प्राणवायू वापरतात, तेव्हा त्यातला थोडा भाग नेहमीची वाट सोडून भरकटतो. त्याला एक इलेक्ट्रॉन जास्त चिकटतो आणि सुपरऑक्साइड तयार होते. असे अस्थिर कण, ज्यांना रसायनशास्त्रात मुक्त मूलके म्हणतात, जवळच्या प्रथिनांवर, स्निग्ध पदार्थांवर आणि पेशीच्या गाभ्यातील आनुवंशिक द्रव्यावर तुटून पडतात. पेशीच्या आत गंज चढावा, तसेच हे.

सगळ्या अवयवांत या बाबतीत फुप्फुस अधिक उघड्यावर पडलेले. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंती उलगडून अंथरल्या तर सुमारे ७० चौरस मीटर होतील, म्हणजे पाऊण गुंठ्याला थोडी कमी अशी जमीन. ही भिंत कागदाहूनही कितीतरी पातळ, कारण तिच्यातून प्राणवायू रक्तात जायचा असतो. एवढी नाजूक, एवढी मोठी आणि दिवसरात्र हवेला उघडी जागा निसर्गाने राखणीशिवाय सोडली असती तर आपण फार दिवस जगलो नसतो.

या राखणीतला पहिला गडी म्हणजे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. नाव जड आहे. आपण त्याला एसओडी म्हणू. १९३८ साली केंब्रिजच्या मान आणि कीलिन या संशोधकांनी गुरांच्या रक्तातून तांबे असलेले एक प्रथिन वेगळे काढले होते. ते कशासाठी आहे हे मात्र पुढची तीस वर्षे कोणालाच कळले नाही. १९६९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिले, की सुपरऑक्साइड निष्प्रभ करणे हेच त्याचे काम. तीस वर्षे कपाटात पडलेल्या किल्लीला कुलूप सापडले, असेच म्हणावे लागेल. माणसात एसओडीचे तीन प्रकार आहेत. पेशीच्या रसात असतो त्यात तांबे व जस्त असते. पेशीची चूल म्हणता येतील अशा तंतुकणिकांमध्ये असतो त्यात मँगनीज असते. तिसरा पेशींच्या बाहेर, दोन पेशींमधल्या जागेत बसतो. तो १९८२ साली स्वीडनच्या मार्कलुंड यांनी शोधला, आणि फुप्फुसांत तो भरपूर असतो. या तिसऱ्याची आठवण ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

एसओडी सुपरऑक्साइडचे करते काय? त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. म्हणजे अर्धेच काम झाले. आगीचा निखारा झाला, राख झाली नाही. हे पेरॉक्साइड तसेच राहिले आणि त्याला मोकळे लोह भेटले, तर त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे मूलक निघते. ते इतके उतावळे असते, की त्याला आवरणारे कोणतेही एन्झाइम शरीरात नाही. म्हणून पेरॉक्साइड वेळेवर मोडणारा दुसरा गडी लागतो. तो म्हणजे आपले फेसवाले कॅटलेज, ज्याच्या पोटात लोह असते, आणि त्याच्या जोडीला ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. हे दुसरे एन्झाइम १९५७ साली सापडले आणि त्याला सेलेनियम लागते हे १९७३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे कळले. ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांनी बनलेला छोटा पदार्थ त्याचे दारूगोळ्याचे काम करतो. फुप्फुसांच्या आतल्या भिंतीवर पाण्याचा जो अतिपातळ थर असतो, त्यात ग्लुटाथायोन रक्तद्रवातल्यापेक्षा शंभर पटींहून जास्त असते. राखण कुठे जास्त ठेवायची, हे शरीराला ठाऊक आहे.

जस्त, तांबे, मँगनीज, लोह ही नावे आपल्याला नवी नाहीत. माती परीक्षणाच्या कागदावर सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या रकान्यात हीच असतात. पिकांच्या पानांतही एसओडी आणि कॅटलेज आहेत, आणि तिथेही याच धातूंवर ती चालतात. त्याची उलटी बाजू म्हणजे पॅराक्वाट हे तणनाशक. ते उन्हात तणाच्या हिरव्या पानात इतके सुपरऑक्साइड निर्माण करते, की पानाची राखण कोलमडते आणि एक-दोन दिवसांत तण करपून जाते. हेच औषध चुकून किंवा रागाच्या भरात पोटात गेले, तर फुप्फुसे ते स्वतःकडे ओढून साठवतात आणि तिथेही तेच घडते. त्याला उतारा नाही. तेव्हा पंप मारताना तोंडाने नळी ओढणे, उरलेले औषध सरबताच्या बाटलीत भरून ठेवणे, हे प्रकार आपल्या घरात कधी होऊ देऊ नका. आम्ही विषयांतर केले खरे, पण एकाच आगीची ही दोन रूपे आहेत.

आता धुराकडे वळू. तंबाखू जळताना निघणाऱ्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने मोजली गेली आहेत. सिगारेटच्या एका झुरक्यात मुक्त मूलके किती? शास्त्रज्ञांचा अंदाज एकावर चौदा ते पंधरा शून्ये इतका आहे. काही क्षणांत विझणारी मूलके धुराच्या वायूत असतात, आणि डांबरासारख्या चिकट भागात असतात ती रेंगाळणारी. हा चिकट भाग वायुकोशांत बसून राहतो आणि झुरका संपल्यावरही नवे सुपरऑक्साइड व पेरॉक्साइड तयार करीत राहतो. विडीत तंबाखू कमी असतो म्हणून ती सौम्य, असे आपल्याकडे समजले जाते. निपाणीच्या काळ्या जमिनीत आणि गुजरातेतील चरोतरात विडीचाच तंबाखू पिकतो, त्यामुळे या समजाला आपल्या भागात आपुलकीही आहे. परंतु टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट आत जात नाही. विडी विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने ओढावी लागते. तपासण्यांत विडीतून मिळणारे निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नव्हे, जास्तच आढळले आहे.

धुराचा दुसरा घाव अधिक वाईट. धूर लागताच शरीर संरक्षणासाठी पांढऱ्या पेशींना फुप्फुसांत बोलावते. या पेशींचे शस्त्रही सुपरऑक्साइडच असते. जंतू मारायला त्या तेच सोडतात. इथे जंतू नसतात, धूर असतो, आणि मार बसतो तो घरच्याच भिंतींना. शिवाय या पेशी इलॅस्टेज नावाचे एक एन्झाइम सोडतात. फुप्फुस रबरासारखे ताणून पुन्हा पूर्ववत व्हावे म्हणून जे लवचीक धागे असतात, ते धागे हे इलॅस्टेज तोडते. त्याला आवर घालणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचे प्रथिन रक्तातून तिथे आलेले असते. ज्यांच्या रक्तात ते जन्मतःच कमी असते अशा माणसांची फुप्फुसे लवकर झिजतात, हे स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिकसन यांनी १९६३ साली दाखवले. धुरातली ऑक्सिडीकारक द्रव्ये या प्रथिनाच्या नेमक्या मोक्याच्या जागी घाव घालून त्याला लुळे करतात. म्हणजे चोराला बोलावलेही आणि कुत्र्याला बांधूनही ठेवले. धागे तुटत जातात, लहान लहान वायुकोश फुटून एकमेकांत मिसळतात आणि मोठी ढिली पोकळी राहते. याला एम्फिसेमा म्हणतात. असा माणूस हवा आत घेतो, पण त्याला ती बाहेर काढता येत नाही. विहिरीवर दोन घागरी भरायला ज्याला दम लागतो, त्याला विचारा.

मग राखणदार काय करतात? ते गप्प बसत नाहीत. पेशीत एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन आहे. एरवी कीप-१ नावाचे दुसरे प्रथिन त्याला दाव्याने बांधल्यासारखे धरून ठेवते. धुरातील द्रव्ये कीप-१ ला झोंबली, की दावे सैल होते, एनआरएफ-२ पेशीच्या गाभ्यात जाते आणि ग्लुटाथायोन व इतर पुष्कळ रक्षक पदार्थ बनवण्याचे हुकूम सोडते. ज्वारीच्या शेतात पाखरांचा थवा उतरताच माळ्यावरच्या राखणदाराने हाका मारून वस्तीवरचे सगळे गोळा करावेत, तसे हे घडते. म्हणूनच नियमित ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांतल्या द्रवात ग्लुटाथायोन न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त सापडते. ‘तंबाखूने छाती घट्ट होते’ म्हणणाऱ्यांना यात आधार सापडेल. पण वस्तीवरचे लोक रोज गोफण घेऊन उभे असणे हे शेत सुखी असल्याचे लक्षण नव्हे.

या राखणीचे महत्त्व किती, हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी २००४ साली उंदरांवर दाखवले. ज्या उंदरांत एनआरएफ-२ मुळातच नव्हते, त्यांना महिनोन्‌महिने सिगारेटचा धूर दिल्यावर एम्फिसेमा लवकर झाला आणि जास्त झाला. २००६ साली याच्या उलट बाजूचा प्रयोग प्रसिद्ध झाला: ज्या उंदरांत एसओडी मुद्दाम वाढवले होते, त्यांची फुप्फुसे धुरातही बऱ्याच अंशी वाचली. पुढे २०१० मध्ये पेशीबाहेरचा तो तिसरा एसओडी फुप्फुसांचे धागे तुटू देत नाही, असेही दिसून आले. मात्र सीओपीडी जडलेल्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद व फुप्फुसे ढिली झालेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत एनआरएफ-२ मंदावलेले आढळते. हाका मारून मारून राखणदाराचा घसाच बसतो.

इथे आम्हांला नेहमीचा प्रश्न विचारला जातो. मिस्सा सुटल्यावर आवारात उभे राहून कोणीतरी काका म्हणतातच, “आमचे आजोबा नव्वदीपर्यंत चिलीम ओढत होते, त्यांना काय झाले?” प्रश्न खोटा नाही, आणि त्याला उत्तरही आहे. कोपनहेगन शहरात नऊ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली, ती २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या थोड्या लोकांत तिसऱ्या एसओडीच्या जनुकात जन्मतः एक लहानसा फरक होता, आणि त्यामुळे ते एसओडी त्यांच्या रक्तात पुष्कळ जास्त फिरत होते. असे लोक सिगारेट ओढणारे असूनही त्यांच्यात सीओपीडीचे प्रमाण कमी निघाले. आजोबांना कदाचित असेच काही वारशाने मिळाले असेल. परंतु वारसा नातवाला मिळालाच असे नाही. आजोबांची जमीन सात-बारावर दिसते, हे कुठे लिहिलेले दिसत नाही. आणि ज्यांचे आजोबा पन्नाशीतच खोकून गेले, ते हा प्रश्न विचारायला आवारात उभे राहत नाहीत, त्यामुळे आपल्याला नव्वदीचेच आजोबा ऐकू येतात. शिवाय कर्करोग आणि हृदयविकार यांचा हिशेब वेगळाच आहे.

दुसरा प्रश्न त्याहून गोड असतो: “मग या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या तर?” औषधांच्या दुकानात रंगीत डब्या मिळतात आणि शहरात नोकरीला असलेली मुले घरी पाठवतातही. याविषयी आम्हांला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथे माणसे पैसे देऊन फसतात. भाज्या-फळे जास्त खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, त्यावरून गाजरातले बीटा-कॅरोटिन फुप्फुसांना वाचवीत असेल, असे पूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटत होते. ते तपासण्यासाठी फिनलंडमध्ये १९८५ पासून २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना पाच ते आठ वर्षे गोळ्या देण्यात आल्या. काहींना बीटा-कॅरोटिन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसतीच निरुपद्रवी गोळी. १९९४ साली निकाल आला. ई जीवनसत्त्वाने फुप्फुसांचा कर्करोग कमी झाला नाही, आणि बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी अधिक झाला. लोकांचा विश्वास बसेना. पण अमेरिकेतही असाच प्रयोग चालू होता, १८,३१४ लोकांवर. त्यात ओढणारे, सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामावरचे मजूर होते. बीटा-कॅरोटिनबरोबर अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत फुप्फुसांचा कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त दिसू लागले, तेव्हा जानेवारी १९९६ मध्ये तो प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. धुराने भरलेल्या फुप्फुसात ते कॅरोटिन स्वतःच जळून उपद्रवी बनत असावे, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ग्लुटाथायोन वाढवणारे एन-असिटिलसिस्टीन हे औषध युरोपात सीओपीडीच्या रुग्णांना तीन वर्षे देऊन पाहिले. २००५ साली कळले, की श्वासाची ताकद घटण्याचा वेग त्याने कमी झाला नाही.

यावरून गाजर किंवा शेवग्याचा पाला खाऊ नका असा अर्थ कोणी काढू नये. परसातले ताजे खाणे चांगलेच. गोळीतला भरमसाट डोस ही निराळी गोष्ट आहे. तसेच, एसओडीला जस्त लागते म्हणून जस्ताच्या गोळ्या गिळणेही व्यर्थ. पिकात जस्ताची उणीव नसताना झिंक सल्फेटची पोतीच्या पोती ओतली तर उत्पन्न वाढते का? आणि एन्झाइमच गोळीतून का देत नाही, असे कोणी म्हणेल तर ते प्रथिन आहे. पोटात गेल्यावर डाळीसारखे पचून जाते.

तेव्हा राखणदारांना मदत करण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पाखरांचा थवाच थांबवणे. लंडनमधील सुमारे आठशे कामगारांची श्वासाची ताकद फ्लेचर आणि पेटो यांनी आठ वर्षे मोजली व १९७७ साली मांडली. वयाबरोबर ती सगळ्यांचीच थोडी घटते. ज्यांना धूर बाधतो अशा ओढणाऱ्यांची ती फार वेगाने घटते. पण ज्यांनी सोडली, त्यांचा घटण्याचा वेग पुन्हा न ओढणाऱ्यांइतका झाला. गेलेले परत आले नाही. फुटलेले वायुकोश नव्याने बांधले जात नाहीत, हे कडू असले तरी सांगितले पाहिजे. परंतु राहिलेले राहते. इंग्लंडमधील पुरुष डॉक्टरांची पन्नास वर्षे चाललेली पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याने सुमारे दहा वर्षे वाचवली, चाळिशीत सोडणाऱ्याने नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यानेही तीन. तीन वर्षे म्हणजे नातीचे लग्न पाहणे किंवा न पाहणे.

भगिनींसाठी दोन शब्द. आपण विडी ओढत नाही म्हणून हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नका. शेणी, तुराट्या आणि ओली लाकडे यांचा धूरही ऑक्सिडीकारक द्रव्यांनी भरलेला असतो, आणि आयुष्यभर बिनधुराड्याच्या स्वयंपाकघरात बसलेल्या, कधीही न ओढलेल्या स्त्रियांना सीओपीडी झालेली आपल्या देशात पुष्कळ आढळते. गॅस असूनही सिलिंडर वाचवण्यासाठी भाकरी चुलीवर भाजायची असेल, तर निदान चूल पडवीत मांडा आणि लहान मुलाला पाठीशी बांधून तिच्यापुढे बसू नका. पुरुषांनी घरात विडी पेटवली, की तीच गोष्ट त्या मुलाच्या वाट्याला येते. त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात.

सोडणाऱ्यांना एक सूचना देऊन ठेवतो. पहिल्या काही आठवड्यांत खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटतो. धुराने लुळे पडलेले श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलू लागून साचलेली घाण वर ढकलतात, त्याचा तो खोकला. ‘विडी सोडली आणि छाती बिघडली’ असे म्हणून पुष्कळजण याच वेळी परत ओढू लागतात. पण कफातून रक्त आले, वजन उतरू लागले किंवा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर वाट न पाहता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, कारण तो क्षयही असू शकतो. एकट्याने सोडणे जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.